काचघरातला घट

बॉबलिंगेनच्या मराठी मंडळात शोभना निकुंभ एका खोडीसाठी प्रसिद्ध होती. सहलीला गेलं की बाकीच्या बायका किल्ल्यापुढे फोटोला उभ्या राहायच्या आणि ही बया गुलाबाच्या वाफ्याशी उकिडवी बसून चिमूटभर माती उचलायची. बाटलीतलं थोडं पाणी टाकून ती तळहातावर मळायची आणि शेवईसारखी वळून बघायची. लांब वळली तर चिकण, पिठासारखी बोटांना लागली तर पोयटा, कचकचली तर वाळू. मग तिथूनच हाक घालायची, "अहो, या लोकांनी गुलाबाला काय चिकट माती घातलीय बघा! मुळं गुदमरतील की नाही?"

'अहो' म्हणजे प्रतापराव. मोटारीच्या कंपनीत गिअरबॉक्सचे इंजिनिअर. अशा वेळी ते लांब उभे राहून, या बाईंना आपण ओळखतच नाही, असा चेहरा करायचे. सोळा वर्षांची लेक ईश्वरी तर सरळ जर्मनमध्ये कुरकुरायची, "मामा, दास इस्ट दोख नूर एर्डं!" नुसती माती तर आहे, आई.

"नुसती माती!" शोभना फणकारायची. "तुझ्या सात पिढ्यांची पोटं या नुसत्या मातीवर भरलीत, बाईसाहेब."

चूक तिची नव्हती. बाई चोपड्याची, तापीकाठची. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात शिकलेली, आणि माती या विषयात अख्ख्या वर्गात पहिली. मग लग्न झालं, सूटकेस भरली आणि जर्मनी आली. आधी भाषा, मग बाळ, मग बाळाची शाळा. सतरा वर्षं कुठे गेली, कळलं नाही. मंडळात नवीन कोणी विचारलं, "तुम्ही काय करता?" की ती म्हणायची, "मी घरीच." म्हणायची हसून, पण ते 'घरीच' तिला आतून फार बोचायचं.

दोन हजार पंधराच्या वसंतात गावातल्या फुकट पेपरात एक चौकोनी जाहिरात आली. स्टुटगार्टच्या बाहेर एक मृदा संशोधन संस्था होती, तिच्या काचघरात अर्धवेळ मदतनीस हवी होती. शोभनानं अर्ज टाकला. मुलाखत घेतली हेर हेबर्ले यांनी. हे तिथले मुख्य माळी, अस्सल श्वाबेन, म्हणजे या मुलखातला माणूस, शब्द खर्चायलाही कंजूष. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. तीन कुंड्या पुढे ठेवल्या आणि हाताची घडी घालून उभे राहिले.

पहिल्या दोन मातींना शोभनानं झटक्यात निकालात काढलं. तिसरी मात्र ती बराच वेळ चोळत राहिली. फिकट, भाजलेल्या बेसनाच्या रंगाची. बोटांना पिठासारखी मऊ, आणि उन्हात धरली की अभ्रकाची बारीक चमक. "ही इथली नाही," ती तुटक जर्मनमध्ये म्हणाली. "ही वाळवंटातली. पण वाऱ्यानं आणलेली नाही. पाण्यानं आणलेली आहे."

"गेनाऊ," हेबर्ले म्हणाले. बरोब्बर. त्या एका शब्दावर सत्तेचाळिसाव्या वर्षी शोभना निकुंभला आयुष्यातली पहिली नोकरी लागली. काम या तिसऱ्या मातीचंच होतं, आणि कॉन्ट्रॅक्ट एकतीस ऑक्टोबरपर्यंतचं.

ती माती राजस्थानातल्या लुणी नदीच्या काठची. चौदा पोती. पुण्याचा निहार म्हणून एक मुलगा संस्थेत पीएचडी करत होता, त्यानं दुनियेचे कागद गोळा करून ती आणवली होती. लुणी ही नदी म्हणजे एक वल्लीच. वर्षातला बहुतेक काळ कोरडी ठणठणीत, पावसाळ्यात कधीतरी लोंढा येणार, डोंगरावरचा गाळ वाळवंटात पसरणार आणि पुन्हा गायब. त्या गाळाची ही पोयटा माती. तिच्यात पोटॅश भरपूर. चुना इतका, की आम्लाचा थेंब टाकला की खायच्या सोड्यासारखी फसफसायची. कुजकं खत मात्र औषधालाही नाही आणि अंगात थोडा खारटपणा. तिकडचे लोक तिच्यात बाजरी काढतात, मूग, मटकी, जिरं काढतात. तिनंच घरांच्या भिंती लिंपतात. कमी पाण्यात हिच्यात काय काय पिकवता येईल, हे संस्थेला बघायचं होतं.

आणि इथेच घोडं पेंड खात होतं. लिंपणाला जो गुण, तोच पेरणीला अवगुण. पाणी पडलं की तिचे बारीक कण एकमेकांना खेटून बसायचे आणि वाळले की वर अशी पापडी धरायची, की टिचकी मारली तर वाजावी. जुलैमध्ये बाजरी पेरली. छतातून बारीक तुषार, तापमान मोजूनमापून, सगळं अगदी शास्त्रशुद्ध. शंभर दाण्यांतले अकरा वर आले. बाकीचे कोंब पापडीखाली डोकं आपटून वाकडे होऊन मेले. शोभनानं पापडी उचलून ते एकेक वेचून बाजूला ठेवले. सप्टेंबरात तुषार आणखी बारीक केले. तेव्हा नऊ आले.

प्रकल्पाच्या प्रमुख होत्या फ्राऊ डॉक्टर केसलर. बाई वाईट नव्हत्या, पण त्यांच्या तोंडून 'आल्झो', म्हणजे 'तर मग', निघालं की समजायचं, निकाल लागला. "आल्झो," ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्या म्हणाल्या, "बावीस तारखेला शेवटची बैठक. ही माती उगवणीला अयोग्य, असं लिहू आणि प्रयोग बंद करू. पोती वाफेच्या भट्टीत घालून टाकून द्यायची." निहारकडे दुसऱ्या मातीचं काम होतं, त्याचं काही अडणार नव्हतं. शोभनाचं कॉन्ट्रॅक्ट मात्र याच मातीला बांधलेलं. माती गेली की तीही गेली.

घरी तिनं सांगितलं तेव्हा प्रतापराव समजुतीनं म्हणाले, "अगं, सहा महिने तर झाले. अनुभव मिळाला की."

"अनुभव काय चाटायचाय?" शोभना कडाडली. मग एकदम रडूच आलं तिला. "अहो, मला परत 'घरीच' व्हायचं नाहीये हो." प्रतापरावांनी तिला जवळ घेतलं.

तेवढ्यात नवरात्र आलं.

आता घटाचं कसं असतं, टोपलीत शेतातली माती पसरायची, धान्य पेरायचं, मधोमध पाण्यानं भरलेला मातीचा घट ठेवायचा आणि रोज वर एक माळ बांधायची. नऊ दिवसांत धान जितकं दाट, तितकं वर्ष चांगलं. पण बॉबलिंगेनमध्ये शेतातली माती आणायची कुठून? शोभना दर वर्षी दुकानातून कुंडीत भरायची माती आणायची. काळीभोर, मऊ, दिसायला देखणी. पण ती माती कसली, नुसता पालापाचोळा आणि झाडाची सालपटं! घटाला बुरशी धरायची आणि धान लुळं पडायचं. सतरा वर्षं बाई वणीच्या सप्तशृंगीची हात जोडून माफी मागत आली होती.

या वर्षी तिच्या मनात आलं, आपल्याकडची खरीखुरी नदीची माती इथे पोत्यांनी पडलीय, आठ दिवसांत भट्टीत जाणार. पण ती घरी न्यायची सोय नव्हती. परदेशी माती. एक कण बाहेर गेला तरी गुन्हा. दोन दारं, पांढरे डगले, बुटांवर पिशव्या आणि आत-बाहेर करताना वहीत सही. मग माती देवीकडे येत नसेल तर देवीला मातीकडे जावं लागेल, दुसरं काय!

ती हेबर्लेंच्या पुढे जाऊन उभी राहिली. "मला सात नंबरच्या टेबलाचा कोपरा हवा. नऊ दिवस."

"कशाला?"

"देवी बसवायचीय."

हेबर्लेंनी चष्म्यावरून पाहिलं. शोभनानं टोपली, घट, धान, माळा सगळं समजावून सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "माती आतच राहणार?"

"हो. आतच."

"दिवा चालणार नाही. आगीचा नियम."

"बॅटरीचा लावीन."

"बाहेरची फुलं चालणार नाहीत. कीड येते."

आता मात्र शोभनाचा चेहरा पडला. बिनमाळेचा घट कसा बसवायचा? हेबर्लेंनी हनुवटी खाजवली आणि पलीकडच्या खोलीकडे बोट केलं. तिथे मातीतल्या किडींवरच्या प्रयोगासाठी त्यांनी झेंडू लावला होता, चार रांगा, केशरी आणि पिवळा. "त्यातला घ्या. आणि आत येणाऱ्या प्रत्येकाची वहीत नोंद हवी. प्रत्येकाची."

तेरा ऑक्टोबर, मंगळवार. पाहुण्यांच्या वहीत शोभनानं सुवाच्य अक्षरात लिहिलं: नाव, फ्राऊ सप्तशृंगी. गाव, वणी. काम, खासगी. आत येण्याची वेळ, नऊ दहा. माहेरून साड्यांत गुंडाळून आणलेल्या लाल घटाला आधी वाफेच्या भट्टीत आंघोळ घडली, कारण नियम म्हणजे नियम. लुणीची माती टोपलीत पसरली. प्रयोगाचीच बाजरी पेरली, मूठभर गहूही टाकला. घट काठोकाठ भरला, झेंडूची माळ बांधली. पांढरा डगला, डोक्याला जाळी, बुटांवर निळ्या पिशव्या अशा वेशात शोभनानं हळू आवाजात आरती म्हटली. दाराशी उभ्या हेबर्लेंनी टोपी काढून हातात धरली होती.

दुसऱ्या दिवशी गडबड झाली. फ्राऊ केसलरांनी कसलेसे आकडे तातडीनं मागितले. शोभनानं घाईघाईत एक मग भरून टोपलीच्या दाराकडच्या बाजूला भसकन ओतला, घरी ओतायची तसा, आणि पळाली. संध्याकाळी पाहते तर त्या बाजूला माती चोपून बसलेली. "घ्या! इथेही पापडी," ती स्वतःवरच चरफडली. "देवीच्या घटातही माझा हात अपेशी." भीतीनं पुन्हा पाणी घातलंच नाही. फक्त घट रिकामा झाला की भरायची.

तिसऱ्या माळेला वर काही दिसेना. बैठक आठवड्यावर आलेली आणि घट मुका. त्या संध्याकाळी बाई एस-बानमध्ये खिडकीला डोकं टेकून बसली आणि आपलं स्टेशन मागे गेलं तरी तिला पत्ता नव्हता.

शुक्रवारी, चौथ्या माळेला, तिनं दार उघडलं आणि जागच्या जागी थांबली. घटाभोवती हिरवं कडं उठलं होतं. बाजरीचे कोंब सुईसारखे सरळ, खाली लालसर, वर पोपटी. गव्हाची टोकंही डोकावत होती. तीन बाजूंनी नुसती दाटी. आणि चौथी बाजू, जिथे तिनं मग ओतला होता, ती मात्र टक्कल! तिथे पापडी, आणि पापडीत साधी भेगही नाही.

"अगं बाई," ती म्हणाली. आणि मग मोठ्यांदा, "अगं बाई बाई बाई!"

तिनं कोंबांजवळची माती बोटानं उकरली. वर भुसभुशीत, खाली गार. फुटलेल्या ढेकळासारखी हातात सुटली. वाफसा! शेतकरी पेरणीच्या आधी ज्याची वाट बघतो तो नेमका ओलावा. घट पाझरत होता. मातीच्या भांड्यातून पाणी हळूहळू आतूनच झिरपत होतं, या कोपऱ्यावर तुषार नव्हते, तीन बाजूंना वरून एक थेंब पडला नव्हता, म्हणून कण चोपून बसलेच नाहीत. माती अयोग्य नव्हती हो! तिला पाणी अंगावर पडलेलं खपत नव्हतं, इतकंच. आणि आपण जुलैपासून तिच्यावर तुषार उडवत होतो, अगदी शास्त्रशुद्ध!

निहार धावत आला. टोपली पाहून त्याचं तोंड उघडंच राहिलं. "काकू, हे तर…"

"बोलू नकोस. कुंड्या शोध. सहा दिवस उरलेत."

हेबर्लेंच्या माळ्यावर जुन्या लाल मातीच्या कुंड्यांची रास होती, तळाला भोक असलेल्या. श्वाबेन माणूस काही टाकून देत नाही, हे त्या दिवशी कामी आलं. वीस वर्षांच्या वाइनच्या बाटल्यांची बुचंही त्यांनी एका डब्यात साठवलेली निघाली. बुचं भोकात ठोकायची, कुंडी ट्रेच्या मधोमध पुरायची, पाण्यानं भरायची आणि भोवती बाजरी पेरायची. तुषारांचा नळ शोभनानं स्वतःच्या हातानं बंद केला. असे बारा ट्रे करायचे होते.

शनिवारी प्रतापराव तिला गाडीनं सोडायला आले आणि वहीत सही करून आत अडकले. ईश्वरीही आली, कानातले हेडफोन काढून चक्क मातीत बसली. प्रतापराव प्रत्येक कुंडी उचलून डोळ्यांसमोर धरायचे. "हिचं सील लूज आहे. थेंब गळतोय. दुसरं बूच दे." गिअरबॉक्समध्ये तेल गळू नये म्हणून वीस वर्षं डोकं घालवलेला माणूस, आज कुंडीच्या पाझरावर तितक्याच गंभीरपणे वाद घालत होता. ईश्वरीनं तळहातावर मातीची शेवई वळून आईपुढे धरली. "मामा, पोयटा?" लेकीच्या तोंडून तो शब्द ऐकून शोभनाला इतका आनंद झाला की तिनं मातीच्या हातानंच तिचा गाल ओढला.

रविवारीही सगळे आले. सोमवारी ट्रे कोरेच होते. मंगळवारी सकाळी चार नंबरच्या ट्रेमध्ये पहिली सुई दिसली, दुपारपर्यंत सगळ्या ट्रेंना हिरवी कडी चढली. बुधवारी नववी माळ बांधून शोभना आणि निहारनं मोजणी केली. शंभरातले एक्क्याऐंशी. पुन्हा मोजले. एक्क्याऐंशीच.

गुरुवारी दसरा आणि बैठकही. फ्राऊ केसलर काचघरातच आल्या. बाराच्या बारा ट्रेंपुढून सावकाश फिरल्या, मातीत बोट घातलं, बोट सहज आत गेलं.  मग शोभनाकडे वळून विचारलं, "ही कल्पना कोणाची?"

खरं तर निहार काहीतरी शास्त्रीय सांगायला पुढे झाला होता. पण शोभनाला खोटं बोलवेना. तिनं त्यांना सात नंबरच्या टेबलाशी नेलं. टोपली आता वीतभर हिरवी झाली होती, वर नऊ माळा, बाजूला बॅटरीचा दिवा लुकलुकत होता. तिनं सगळं सांगितलं. मग चूक झाली त्या बाजूचं टक्कलही दाखवलं. 

फ्राऊ केसलरांनी पाहुण्यांची वही उघडली. बोट एका ओळीवर थांबलं. "आल्झो," त्या म्हणाल्या, आणि शोभनाला वाटलं, लागला निकाल. "ही बाई तेरा तारखेला आत आली. बाहेर गेल्याची नोंद नाही."

"आज जाणार आहे," शोभना पुटपुटली.

"बरं." केसलरांनी पुन्हा त्या टक्कल पडलेल्या बाजूकडे पाहिलं, मग हिरव्या बाजूकडे. आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "एकाच टोपलीत दोन्ही. इतका स्वच्छ पुरावा मला माझ्या विद्यार्थ्यांनी कधी दिला नाही."

मग घट उठवला. दसऱ्याला उगवलेलं धान बायका केसांत माळतात, पुरुष टोपीत खोवतात, घरोघर देतात. पण एक काडी बाहेर जायची नाही. म्हणून जे काही झालं ते आतच झालं. शोभनानं निहारच्या कानावर धान ठेवलं. हेबर्लेंनी टोपी पुढे केली, ती म्हणाली, "पुढे नाही, काठाला खोवायचं," आणि स्वतः खोवून दिलं. फ्राऊ डॉक्टर केसलरांनी डोक्याची जाळी बाजूला करून मान वाकवली. पांढऱ्या डगल्यांतली चार माणसं कानाला बाजरीचे कोंब लावून पाच मिनिटं एकमेकांकडे बघून हसत उभी होती. मग सगळ्यांचं धान गोळा करून भट्टीच्या ट्रेमध्ये ठेवलं. "आई, इथे नदी नाही, वाफ आहे, गोड मानून घे," शोभनानं हात जोडले आणि वहीत देवीच्या ओळीपुढे वेळ लिहिली, अकरा चाळीस.

हेबर्लेंनी वही बंद केली नाही. खिशातून पेन्सिल काढली. "पुढच्या वर्षी या बाई कोणत्या तारखेला येणार? सात नंबरचं टेबल आत्ताच अडवून ठेवतो. नंतर मिळत नाही."

शोभनाला आधी समजलंच नाही. पुढच्या वर्षी? तिनं फ्राऊ केसलरांकडे पाहिलं. त्या जाळी नीट करत होत्या. "मी सकाळीच मोजणी पाहिली होती, फ्राऊ निकुंभ. दहा वाजता ऑफिसला फोन केला. तुमचं कॉन्ट्रॅक्ट आणखी दोन वर्षं. मार्चमध्ये मला असे चाळीस ट्रे लागतील. पण हेर हेबर्लेंना आधी तारीख द्या. ते थांबलेत."

शोभना दोन दारं ओलांडून, बुटांच्या पिशव्या काढून, हात घासून बाहेर आली. डोळे पुसायलाही आत परवानगी नव्हती, हात मातीचे होते. आधी तिनं डोळे पुसले. मग फोन लावला.

"अहो, पुढच्या वर्षी घट कधी बसतात हो? बघा ना जरा."

प्रतापराव मीटिंगमध्ये होते. तरी त्यांनी पाहिलं. "एक ऑक्टोबर. शनिवार. का गं, आत्ताच कशाला हवंय?"

"टेबल अडवायचंय," शोभना म्हणाली.

 मग प्रतापराव इतक्या जोरात ओरडले की त्यांच्या मीटिंगमधले सगळे जर्मन दचकले म्हणे.